निळ्या-पांढऱ्या प्लेट्स: 'ब्रिटिशकालीन' की कालच्या? उलटी करून पाहा

भिंतीवर लावलेल्या निळ्या-पांढऱ्या प्लेट्स घरसजावटीच्या रील्समध्ये हमखास दिसतात. तशी एखादी घ्यायला जुन्या बाजारात गेलं की दुकानदाराचं उत्तर ठरलेलं असतं, "ब्रिटिशकालीन पीस आहे." किंमतही मग तशीच सांगितली जाते. हा दावा किती खरा, ते बऱ्याचदा प्लेट उलटी केली की कळतं.

पण आधी पुढची बाजू पाहू.

हा निळा रंग कोबाल्टचा. भट्टीच्या प्रचंड उष्णतेतही तो टिकतो. चीनमधल्या जिंगदेझेनच्या कारागिरांनी चौदाव्या शतकात या रंगाची पोर्सिलेनची भांडी नावारूपाला आणली. पुढे युरोपालाही त्यांचं वेड लागलं. सतराव्या शतकात नेदरलँड्सच्या डेल्फ्ट शहरात त्यांची नक्कल होऊ लागली, पण तिथे साधी भाजकी माती वापरून वर कथिलाचा पांढरा ग्लेझ दिला जायचा. म्हणून जुन्या डेल्फ्ट प्लेटचा टवका उडाला असेल तर आतली पिवळसर माती दिसते. पोर्सिलेन मात्र आतूनही पांढरंच असतं.

सगळ्यात ओळखीची 'ब्लू विलो'

झुकलेलं झाड, पुलावर तीन माणसं, वर दोन पक्षी. हे डिझाइन तुम्ही कुठेतरी पाहिलेलं असणार. त्यासोबत चिनी प्रेमिकांची एक कथाही सांगितली जाते. गंमत म्हणजे डिझाइन आणि कथा, दोन्ही इंग्लंडमध्ये तयार झालेली! 1790च्या सुमारास हा नमुना तिथे रुळला. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं चित्र पातळ कागदावर छापायचं आणि तो कागद प्लेटवर दाबायचा, अशी ही पद्धत. त्यामुळे जुन्या प्लेटच्या काठावर कागदाचे तुकडे जिथे जुळवले, तिथे नक्षी किंचित चुकलेली दिसते. ही चूक शोधा, ती चांगली खूण आहे. मोबाइलचा कॅमेरा झूम केल्यावर एकसारख्या बारीक ठिपक्यांची जाळी दिसली, तर ते आधुनिक स्टिकर प्रिंटिंग. हाताने रंगवलेल्या प्लेटवर ब्रशचे गडद-फिके फटकारे दिसतात.

आता मागची बाजू

1890च्या मॅकिन्ले कायद्यानंतर अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव टाकणं सक्तीचं झालं. म्हणून नुसतं 'इंग्लंड' छापलेली प्लेट साधारण 1891 नंतरची, आणि 'मेड इन इंग्लंड' असेल तर बहुधा विसाव्या शतकातली. 'निप्पॉन' असेल तर ती जपानची, साधारण 1921 पूर्वीची. डिशवॉशर किंवा मायक्रोवेव्हचं चिन्ह दिसलं, तर विषयच संपला.

चिनी अक्षरांच्या शिक्क्यावर मात्र विसंबू नका. सतराव्या शतकातल्या कांग्शी सम्राटाचा शिक्का एकोणिसाव्या शतकातल्या मालावरही सर्रास मारला जाई. डागांचंही तसंच. चहाच्या पाण्यात बुडवून नवी प्लेट जुनी दिसवता येते. माठ घेताना वाजवून पाहतो तशी टिचकी मारा. चांगलं पोर्सिलेन खणखणीत वाजतं, तडा असेल तर आवाज बसका येतो.

घ्यायची कुठे?

मुंबईत चोरबाजारातली मटन स्ट्रीट. पण त्याआधी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातली चिनी-जपानी भांडी पाहून या. अस्सल वस्तू पाहिली की नजर तयार होते. आणि विक्रेता प्लेट शंभर वर्षांहून जुनी असल्याचं सांगत असेल, तर परवाना विचारा. 1972च्या पुरावशेष कायद्यानुसार अशा वस्तूंचा व्यापार करायला तो लागतो, आणि त्या खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाहीत. परदेशातल्या नातेवाइकांना भेट पाठवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

जुनेपणाचा सोस नसेल, तर जयपूरची ब्लू पॉटरी घ्या. ती मातीची नसतेच, क्वार्ट्‌झची पूड आणि काच वापरून बनवतात. भिंतीवर ती कुठल्याही नकली 'अँटिक'पेक्षा छान दिसते, हे माझं मत.

जुनी प्लेट असो वा जयपुरी, जेवायला मात्र वापरू नका. जुन्या ग्लेझमध्ये शिसं असू शकतं आणि लोणचं, सोलकढीसारख्या आंबट पदार्थांत ते उतरतं.