हाली सिक्का, कागदी चलन आणि धाराशिव जिल्ह्याची स्थानिक ओळख

प्रस्तावना :
चलन हे केवळ विनिमयाचे साधन नसून सत्तेची व प्रदेशाची ओळखही असते. पहिल्या महायुद्धात जर्मनीत नाण्यांची टंचाई निर्माण झाली, तेव्हा तेथील नगरपालिकांनी ‘नोटगेल्ड’ म्हणजे आणीबाणीच्या नोटा काढल्या. त्यांवर गावाच्या इमारती व दंतकथा छापल्या गेल्या. हामेल्नच्या नोटांवर उंदीर पळविणारा बासरीवाला अवतरला. त्याच युद्धकाळात चांदीच्या टंचाईमुळे हैदराबाद संस्थानातही कागदी चलन आले. त्या चलनात तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्याला कोणते स्थान होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

चलनाचे स्वरूप :
संस्थानाचे स्वतंत्र चलन ‘हाली’ अथवा ‘उस्मानिया सिक्का’ या नावाने ओळखले जाई. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून जिल्हा व सिक्का या दोहोंचे नामकरण झाले होते. नाण्यावर राजधानीतील चारमिनार होता. नळदुर्ग वा तुळजापूर नव्हते. १९१८ पासून निघालेल्या नोटांवर मात्र उर्दू व इंग्रजीबरोबर मराठी, तेलुगू व कन्नड अक्षरे होती. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती आणि त्याच वर्षी उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. अशा काळात सरकारी कागदावर मराठीला मिळालेली ही जागा लहान असली तरी लक्षणीय होय.

सीमेवरील व्यवहार :
शेजारचा सोलापूर जिल्हा ब्रिटिश अमलाखाली असल्याने तेथे ‘कलदार’ रुपया चाले. सहा कलदार रुपयांस साधारणतः सात हाली रुपये पडत. लातूर १९८२ पर्यंत याच जिल्ह्यात होते. तेथील व्यापार बार्शी लाईट रेल्वेने बार्शीशी जोडला गेला, तरी दोन्हीकडची भाषा एक आणि रुपया वेगळा राहिला. ‘मोगलाई’ आणि ‘इंग्रजी मुलूख’ हा भेद नकाशा न पाहिलेल्या माणसालाही हुंडणावळीतून कळे. १९४७ च्या जैसे थे करारानंतर निजाम सरकारने भारतीय चलन संस्थानात अवैध ठरविले, तेव्हा चलन हा उघड राजकीय संघर्षाचा विषय बनला.

निष्कर्ष :
जर्मन गावांनी नोटांवर स्वतःची ओळख स्वतः छापली. या जिल्ह्याला तो अधिकार नव्हता. त्याची ओळख नोटेवरील मराठी अक्षरांत आणि सीमेवरील व्यवहारात उमटली. सप्टेंबर १९४८ मधील मुक्तीनंतर १९५० च्या दशकात हाली सिक्का चलनातून गेला. २०२३ मध्ये जिल्ह्याला अधिकृतपणे धाराशिव हे नाव मिळाले. रुपयावरचे नाव आधी गेले, गावावरचे नंतर. म्हणूनच या प्रदेशाच्या अस्मितेचा अभ्यास करताना नाणी व नोटांनाही ऐतिहासिक साधनांचा दर्जा देणे आवश्यक ठरते.