अमेरिका–जपान चिप-संघर्ष

संगणकातील मेमरी चिपच्या बाजारपेठेवरून १९८० च्या दशकात अमेरिका आणि जपान यांच्यात झालेला व्यापारी वाद. तो चिघळला तो केवळ चिपमुळे नव्हे. आपल्या देशाची आर्थिक आणि राजकीय सद्दी संपत आली, ही अमेरिकेत बळावलेली भीती या वादात एकवटली. जकातीपासून परदेशी गुंतवणुकीच्या कायद्यापर्यंत अनेक निर्णयांवर त्या भीतीची छाया होती.

वादाच्या केंद्रस्थानी असलेली डीरॅम ही मेमरी चिप मुळात अमेरिकेची. तिची कल्पना आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांची (१९६६), आणि १९७० पासून ती बाजारात रुजवली इंटेलने. जपानच्या आंतरराष्ट्रीय व्यापार व उद्योग मंत्रालयाने (‘मिती’) १९७६ ते १९८० या काळात फुजित्सू, हिताची, मित्सुबिशी, एनईसी आणि तोशिबा या एरवी एकमेकींशी झुंजणाऱ्या कंपन्यांना एका संशोधन प्रकल्पात एकत्र आणले. सरकारी पैसा होता, बँकांचे स्वस्त कर्जही होते. अमेरिकी उद्योजकांनी सगळा दोष याच दोन गोष्टींवर टाकला; ते अर्धेच खरे आहे. १९८० मध्ये ह्यूलेट-पॅकार्ड या अमेरिकी कंपनीनेच आपल्या तपासणीचे निष्कर्ष वॉशिंग्टनमध्ये मांडले, तेव्हा जपानी चिप अमेरिकी चिपपेक्षा कितीतरी कमी नादुरुस्त निघतात हे उघड झाले. गुणवत्ता-नियंत्रणाचे धडे जपानी उद्योगाने १९५० मध्ये गिरवले ते डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञाकडे, हा या प्रकरणातला खरा उपरोध.

१९८५ मध्ये मागणी कोसळली, चिपचे भाव उत्पादनखर्चाच्याही खाली गेले. इंटेलने डीरॅमचा धंदा सोडला. आयडाहो राज्यातील मायक्रॉन या कंपनीने जपानी कंपन्यांविरुद्ध डंपिंगची, म्हणजे पडेल भावात परदेशी माल लोटण्याची, तक्रार गुदरली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये डॉलर उतरवण्यासाठी प्रमुख औद्योगिक देशांनी केलेल्या प्लाझा करारामुळे येन झपाट्याने महागला, तरी जपानी चिपची आगेकूच थांबली नाही. सप्टेंबर १९८६ मध्ये उभय देशांत चिप-करार झाला. जपानने पडेल भावात विकायचे नाही, आणि जपानी बाजारपेठेत परदेशी चिपचा वाटा पाच वर्षांत २० टक्क्यांवर जावा, असे ठरले. यातला २० टक्क्यांचा आकडा सुरुवातीला गुप्त ठेवलेल्या पत्रात होता. अमेरिकेने तो वचन मानला, जपानने नुसती अपेक्षा. करार पाळला जात नाही म्हणून एप्रिल १९८७ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी सुमारे ३० कोटी डॉलरच्या जपानी मालावर १०० टक्के जकात बसवली. कराराने झाले ते भलतेच : मेमरी चिप महागल्या, त्याची झळ अमेरिकेच्याच संगणक उत्पादकांना बसली, चढ्या भावाचा नफा जपानी कंपन्यांनी खिशात घातला आणि कोरियाच्या सॅमसंगला बाजारात पाय रोवायला जागा मिळाली.

ऱ्हासाची ही भीती अमेरिकेला नवी नव्हती. १९५७ मध्ये सोव्हिएट संघाने स्पुटनिक हा उपग्रह सोडला तेव्हापासूनची तिची ही पाचवी लाट, असे राज्यशास्त्रज्ञ सॅम्युएल हंटिंग्टन यांनी १९८८ मध्ये नोंदवले. लष्करी पसारा अर्थव्यवस्थेला झेपेनासा झाला की महासत्ता घसरणीला लागते, हे इतिहासकार पॉल केनेडी यांच्या १९८७ च्या ग्रंथाचे सूत्र पाच शतकांच्या इतिहासावर बेतलेले होते; वाचकांनी त्यातली अमेरिकेविषयीची शेवटची पाने तेवढी मनावर घेतली. राज्यशास्त्रज्ञ जोसेफ नाय यांनी १९९० मध्ये त्याला पुस्तकानेच उत्तर दिले.

विद्वानांच्या वादापलीकडे या भीतीची रूपे फार ओबडधोबड होती. फेअरचाइल्ड ही सिलिकॉन व्हॅलीची गंगोत्री समजली जाणारी कंपनी फुजित्सू विकत घेणार म्हणताच वॉशिंग्टनमध्ये गहजब झाला, आणि मार्च १९८७ मध्ये फुजित्सूने माघार घेतली. ही कंपनी तेव्हा आधीच श्लुंबर्जे या मूळच्या फ्रेंच उद्योगाच्या मालकीची होती, याची आठवण फारशी कोणाला झाली नाही. त्याच वर्षी तोशिबाच्या एका उपकंपनीने सोव्हिएट संघाला पाणबुडीचे पंखे घडवणारी यंत्रे विकल्याचे उघडकीस आले. अमेरिकी काँग्रेसच्या काही सदस्यांनी कॅपिटॉलच्या हिरवळीवर तोशिबाचा रेडिओ घणांनी फोडला. चिपशी त्याचा काहीही संबंध नव्हता. १९८८ च्या व्यापार कायद्याने परदेशी खरेदीव्यवहार सुरक्षेच्या कारणावरून रोखण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना दिला. त्याच कायद्याखाली १९८९ मध्ये जपान आणि ब्राझीलबरोबर भारतालाही अन्यायी व्यापार करणारा देश ठरवण्यात आले. जपानकडूनही या आगीत तेल ओतले गेलेच : राजकीय नेते शिन्तारो इशिहारा आणि सोनीचे अकिओ मोरिता यांच्या १९८९ च्या पुस्तकात इशिहारांनी लिहिले की, जपानने आपल्या चिप अमेरिकेऐवजी सोव्हिएट संघाला विकल्या तर लष्करी समतोल उलटा होईल.

अमेरिकी उद्योगाचे ठोस उत्तर म्हणजे ‘सेमाटेक’. १९८७ मध्ये १४ कंपन्यांनी स्थापन केलेल्या या संस्थेला संरक्षण खात्याकडून वर्षाला सुमारे १० कोटी डॉलर मिळत. टेक्ससमधील ऑस्टिन येथे तिचे कामकाज चाले आणि १९९० मध्ये मृत्यू होईपर्यंत इंटेलचे सहसंस्थापक रॉबर्ट नॉइस तिची धुरा वाहत होते. हे मितीच्याच नमुन्याचे अनुकरण होते. अमेरिका पुन्हा पुढे आली ती सेमाटेकमुळे, असे तिचे समर्थक म्हणतात. अधिक पटणारे कारण वेगळे आहे. सगळी चिंता मेमरीतल्या वाट्याची चालू असताना नफा मायक्रोप्रोसेसरकडे सरकला होता. डीरॅम सोडली त्याच १९८५ मध्ये इंटेलने ३८६ हा प्रोसेसर आणला आणि १९९२ पर्यंत ती जगातली सर्वांत मोठी चिप कंपनी झाली. १९९३ मध्ये जागतिक चिप-विक्रीत अमेरिकेने जपानला मागे टाकले.

जपानला मुख्य फटका मात्र अमेरिकेकडून बसला नाही. २९ डिसेंबर १९८९ ला ३८,९१५ वर पोहोचलेला टोकियो शेअर बाजाराचा निक्केई निर्देशांक नंतर कोसळला. ती पातळी ओलांडायला २०२४ साल उजाडले. १९९० च्या दशकात मेमरीत सॅमसंग पुढे गेली. दुसऱ्यांच्या आराखड्याबरहुकूम चिप बनवून देण्याचा वेगळाच धंदा तैवानच्या टीएसएमसीने १९८७ मध्ये सुरू केला होता, त्याचे महत्त्व टोकियो आणि वॉशिंग्टन दोघांनाही उशिरा उमगले. जपानी कंपन्यांच्या मेमरी विभागांतून उभी राहिलेली एल्पिडा २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि पुढच्या वर्षी मायक्रॉनने ती विकत घेतली.

चीनच्या बाबतीत अमेरिका आज जी हत्यारे उपसते, त्यांतली बरीचशी या संघर्षात घडली. १९८८ चा गुंतवणूकविषयक अधिकार त्यांत आहेच. फरक इतकाच, की जपान अमेरिकेच्या लष्करी आश्रयाखाली होता आणि दबावापुढे एका मर्यादेपलीकडे ताणू शकत नव्हता. चीनवर तसा लगाम नाही. ऑक्टोबर २०२२ पासून प्रगत चिप आणि त्या बनवण्याची यंत्रे चीनला विकण्यावर अमेरिकेने कडक निर्बंध आणले. त्याच वर्षीच्या चिप कायद्याने देशी उत्पादन व संशोधनासाठी ५२ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम ठेवली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने इंटेलमध्ये सुमारे १० टक्के भागभांडवल घेतले.