वार, रक्त आणि कल्याणची वाट

गरोदर बाई ‘अंगावरून जातंय’ एवढंच सांगते. या दोन शब्दांमागे चार-पाच वेगवेगळी दुखणी असू शकतात. ती ओळखायला वैद्यकाला काही शतके लागली. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांपर्यंत ती ओळख पोचायला त्याहून वेगळा वेळ लागला.

सुश्रुताने महिन्यांवरून भेद केला होता. चौथ्या महिन्यापर्यंत गर्भस्राव, पाचव्या-सहाव्यात गर्भपात. शेवटच्या महिन्यांतल्या रक्तस्रावाचा उलगडा मात्र इंग्लंडातल्या एडवर्ड रिग्बी यांनी १७७५ मध्ये केला. वार गर्भाशयाच्या तोंडाशी असेल, तर तोंड उघडू लागताच रक्त जाणारच. वेदना नसतात, रक्त लालभडक असते. वार जागेवर असूनही आधीच सुटली, तर पोट दुखते, दगडासारखे कडक होते आणि रक्त आतच साचू शकते. वाढलेल्या रक्तदाबात हा दुसरा प्रकार अधिक आढळतो.

उपाय फार काळ भयंकरच होता. हात घालून मूल फिरवायचे आणि बाहेर ओढायचे. आई वाचलीच तर मूल बहुधा जाई. १९४५ मध्ये बेलफास्टच्या मॅकॅफी यांनी निराळा मार्ग मांडला. खाली असलेल्या वारेचा पहिला रक्तस्राव बहुतेकदा थोडा असतो आणि आपोआप थांबतो. तेव्हा घाई करू नका, आतून तपासू नका. बाईला रुग्णालयात ठेवा, रक्त आणि शस्त्रक्रियेची तयारी ठेवा आणि मुलाला वाढायला काही आठवडे द्या. शब्द साधे आहेत, पण सगळी मदार ‘रुग्णालयात’ या एका शब्दावर आहे. तेच थांबणे पाड्यावर जिवावर बेतते. रक्त थांबले की घरचे निश्चिंत होतात, सुईण अंगारा लावते आणि दुसरा रक्तस्राव रात्री होतो.

मुंबईत खास बायकांसाठी कामा रुग्णालय १८८६ मध्ये उघडले. शहापूर तालुक्यातल्या तानसाचे पाणी १८९२ मध्ये मुंबईला जाऊ लागले. पाण्याला नळ मिळाला. तिथल्या बाळंतिणीला डोली, बैलगाडी आणि मग कल्याण. रेल्वे कसाऱ्यापर्यंत १८६१ मध्येच आली होती, पण पाड्यावरून आसनगाव स्टेशन गाठणे हाच खरा प्रवास. मुरबाडला तर आजही रेल्वे नाही. त्यात दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. बाईचे शेवटचे महिने तिथेच सरतात आणि तपासणीचे कार्ड गावात राहते. आधीच रक्त कमी असलेल्या बाईला थोडा स्रावही पेलवत नाही.

पहिल्या तीन महिन्यांत साधारण चौघींपैकी एकीला थोडाफार रक्तस्राव होतो आणि त्यातल्या बऱ्याच जणींचा गर्भ टिकतो. त्यासाठी खाटेवर पडून राहण्याचा सल्ला अजून दिला जातो. त्याने गर्भ टिकतो असे संशोधनात दिसलेले नाही. खरे भय नळीत राहिलेल्या गर्भाचे. एका बाजूला ओटीपोट दुखते, चक्कर येते, बाहेर रक्त जेमतेम दिसते आणि आत पोट भरत असते. ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी १९५८ मध्ये ध्वनिलहरींनी पोटातले चित्र दाखवले, तेव्हापासून हे वेळीच ओळखण्याची वाट खुली झाली. बाईचे रक्त आरएच निगेटिव्ह असेल, तर अशा वेळी अँटी-डी इंजेक्शनचीही गरज पडू शकते.

रक्ताचा प्रश्न मात्र उरला. पैसे घेऊन रक्त देणे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९८ पासून बंद झाले, ते योग्यच झाले. २००१ मध्ये नियम बदलले आणि ग्रामीण संदर्भ रुग्णालयांना पूर्ण रक्तपेढी नसतानाही रक्त साठवण्याची मुभा मिळाली. माझ्या मते या विषयातला हा सर्वांत कमी चर्चिलेला आणि सर्वांत मोलाचा बदल. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आणि आशा ताई आल्या, २०१४ मध्ये १०८ची गाडी आली. आदिवासी भागांत ‘माहेरघर’ योजनेत गरोदर बाई बाळंतपणाआधी काही दिवस आरोग्य केंद्रात येऊन राहू शकते. मॅकॅफींचे ‘थांबणे’च हे, एका परीने. पण वार खाली असलेल्या बाईला प्राथमिक केंद्र पुरत नाही. पहिला डाग दिसताच, तो थांबला तरी, जिथे रात्रीही शस्त्रक्रिया आणि रक्त मिळते अशा ठिकाणी तिला न्यायला हवे.