मैदानावरील प्रार्थना : ख्रिस्ती खेळाडूंचे श्रद्धाजीवन

येवल्याचे नाव घेताच पैठणी डोळ्यांसमोर उभी राहते. मागावर बसलेला विणकर एका पैठणीसाठी कित्येक आठवडे, कधी महिनोन्महिने, एकेक धागा जुळवीत राहतो. लग्नघरी ती पैठणी मिरवते, तेव्हा विणकराचे श्रम कोणाला दिसत नाहीत. खेळाडूचे जीवनही काहीसे असेच असते. टाळ्या काही क्षणांच्या असतात आणि त्यांमागील पहाटेचा सराव वर्षानुवर्षांचा असतो.

येवला तालुक्यातील शाळांची मुले दरवर्षी तालुका स्पर्धेत उतरतात. निवड झालेली मुले जिल्हा पातळीवर जातात, त्यांतील मोजकी विभागीय आणि राज्य स्पर्धेपर्यंत पोहोचतात. त्यांत आपल्या ख्रिस्ती कुटुंबांतील मुलेमुलीही असतात. स्पर्धेच्या सकाळी आई मुलाच्या कपाळावर क्रुसाची खूण करते आणि घरातील वडीलधारी मंडळी जपमाळेत त्याची आठवण ठेवतात. सायंकाळी मूल हरून परत येते आणि विचारते, "मी प्रार्थना केली होती, मग देवाने माझे ऐकले का नाही?" हा प्रश्न लहान वाटला, तरी त्याचे उत्तर नीट मिळाले नाही तर त्या मुलाची प्रार्थना तेथेच थांबण्याचा धोका असतो. म्हणूनच खेळ आणि श्रद्धा यांचे नाते पवित्र शास्त्रात, ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीत आणि खेळाडूंच्या प्रत्यक्ष जीवनात कसे दिसते, हे आम्ही येथे एकत्र मांडीत आहोत.

पवित्र शास्त्रातील धावपटू

संत पौलाने खेळाच्या मैदानावरील दृष्टान्त अनेकदा वापरले आहेत. करिंथ शहराजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन क्रीडामहोत्सव भरत असे. त्यातील विजेत्याच्या मस्तकावर पानांचा मुकुट ठेवीत आणि तो थोड्याच दिवसांत सुकून जाई. करिंथकरांच्या हे सारे परिचयाचे होते. म्हणूनच त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात (९:२४-२७) पौल सांगतो, की खेळाडू नाशवंत मुकुटासाठी एवढा संयम पाळतो, तर अविनाशी मुकुटासाठी आपण किती पाळावा! फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात (३:१३-१४) तो मागचे विसरून पुढील ध्येयाकडे धावण्याची भाषा करतो. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (४:७) आयुष्याच्या अखेरीस आपण धाव पूर्ण केल्याचे समाधान तो व्यक्त करतो. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. पहिला क्रमांक मिळाला असे पौल म्हणत नाही. धाव पूर्ण केली आणि विश्वास राखला, एवढेच तो सांगतो.

ख्रिस्तसभेची शिकवण

कॅथॉलिक ख्रिस्तसभेने खेळाकडे नेहमीच आस्थेने पाहिले आहे. युवकांचे प्रेषित संत जॉन बॉस्को (१८१५-१८८८) लहानपणी गावातील मुलांना कसरती व हातचलाखीचे खेळ दाखवीत आणि त्यांच्याबरोबर प्रार्थनाही करीत. पुढे त्यांच्या संस्थांत मैदान आणि प्रार्थनामंदिर शेजारी शेजारी उभे राहिले. संत पिएर जॉर्जो फ्रासाती (१९०१-१९२५) हा इटलीतील तरुण गिर्यारोहक होता. मित्रांसह डोंगर चढताना तो प्रार्थना करी आणि एरवी तुरीन शहरातील गोरगरिबांची सेवा करी. ७ सप्टेंबर २०२५ रोजी त्याला संतपद बहाल करण्यात आले.

पोप संत जॉन पॉल दुसरे हे तरुणपणी फुटबॉल खेळत आणि पुढेही बर्फावर स्कीइंग करीत. २९ ऑक्टोबर २००० रोजी रोमच्या ऑलिंपिक स्टेडियमवर त्यांनी खेळाडूंसाठी जुबिली वर्षाचा मिस्सा अर्पण केला. २००४ साली व्हॅटिकनमध्ये खेळासाठी स्वतंत्र विभाग सुरू झाला आणि जून २०१८ मध्ये खेळ या विषयावरील पहिला सविस्तर दस्तऐवज प्रसिद्ध झाला. त्याच वेळी ख्रिस्तसभा सावधगिरीचा इशाराही देते. कॅथॉलिक धर्मशिक्षण ग्रंथ (क्र. २२८९) शरीराची काळजी घ्यायला सांगतो, मात्र शरीराची पूजा करण्यास आणि क्रीडायशाला देव मानण्यास विरोध करतो.

१५ जून २०२५ रोजी, पवित्र त्रैक्याच्या सणादिवशी, पोप लिओ चौदावे यांनी क्रीडा जुबिलीचा मिस्सा अर्पण केला. आजचा समाज केवळ विजेत्यांनाच मान देतो. अशा काळात खेळ आपल्याला हरायलाही शिकवतो, असे त्यांनी प्रवचनात सांगितले. कधीच न हरणारा खेळाडू अस्तित्वात नाही आणि पडल्यावर पुन्हा उठण्याचे धैर्य दाखवणारा तोच खरा विजेता, हा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

सांगलीचे विजय हजारे

या विचाराचे उत्तम उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आढळते. ११ मार्च १९१५ रोजी सांगली येथे एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात विजय हजारे यांचा जन्म झाला. त्यांचे वडील शिक्षक होते. स्वभावाने हजारे अबोल आणि अत्यंत नम्र म्हणून ओळखले जात.

त्या काळी मुंबईची प्रसिद्ध क्रिकेट स्पर्धा धर्मवार संघांत खेळली जाई. युरोपियन, हिंदू, पारशी आणि मुस्लिम या चार संघांत १९३७ साली 'इतर' या पाचव्या संघाची भर पडली. भारतीय ख्रिस्ती, ज्यू अशा समाजांतील खेळाडू त्यात असत. धर्माच्या नावाने संघ असू नयेत, असे मत महात्मा गांधींनी १९४० साली जाहीरपणे मांडले होते आणि १९४६ नंतर ही स्पर्धा बंदही झाली. आपल्या श्रद्धेचा अभिमान बाळगावा, परंतु मैदानावर तिच्या भिंती उभारू नयेत, हा धडा त्या इतिहासातून घेण्याजोगा आहे.

१९४३-४४ च्या अंतिम सामन्यात हजारे याच 'इतर' संघाकडून खेळले. हिंदू संघाने ५ बाद ५८१ धावांवर डाव घोषित केला. इतर संघ पहिल्या डावात १३३ धावांत बाद झाला. दुसऱ्या डावातील ३८७ धावांपैकी ३०९ धावा एकट्या हजारे यांच्या होत्या. त्यांचे बंधू विवेक यांनी केवळ २१ धावा केल्या, परंतु तेवढ्यात दोघा भावांनी ३०० धावांची भागीदारी रचली. एवढे होऊनही त्यांचा संघ एक डाव आणि ६१ धावांनी हरला.

जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेड येथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनी दोन्ही डावांत शतके (११६ आणि १४५) झळकावली. असा पराक्रम करणारे ते पहिले भारतीय होत. तो सामनाही भारताने एक डाव आणि १६ धावांनी गमावला. पुढे फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रास येथे इंग्लंडला हरवून भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळवला, तेव्हा कर्णधार हजारेच होते. १८ डिसेंबर २००४ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या खेळींमुळे त्यांचे नाव अजरामर झाले, त्यांतील काही खेळी हरलेल्या सामन्यांतील आहेत. धावफलकावर पराभव लिहिला गेला, म्हणून ते कष्ट व्यर्थ ठरले असे कोण म्हणेल? पुण्याच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले चंदू बोर्डे हेही पुढे ५५ कसोटी सामने खेळले आणि १९६७ साली ॲडलेड येथे त्यांनी भारताचे नेतृत्व केले.

धावपट्टी आणि फुटबॉल

कॅथॉलिक समाजाने देशाला इतर खेळांतही मोठे खेळाडू दिले. वांद्र्याच्या मेरी डिसोझा १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये धावल्या. १९५४ च्या मनिला आशियाई स्पर्धेत ४ x १०० मीटर रिले शर्यतीत भारताला सुवर्णपदक मिळवून देणाऱ्या चौघी होत्या ख्रिस्तीन ब्राऊन, स्टेफी डिसोझा, व्हायोलेट पीटर्स आणि मेरी डिसोझा. मूळचे गोव्यातील आसगावचे नेव्हिल डिसोझा यांनी १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि भारताने तो सामना ४-२ असा जिंकला. पुढचे दोन सामने मात्र भारत हरला आणि चौथ्या स्थानावर राहिला. भारतीय फुटबॉलच्या इतिहासात त्या चौथ्या क्रमांकाचा उल्लेख आजही गौरवाने होतो.

जेमिमा रॉड्रिग्जचे अश्रू

प्रार्थनेविषयी मोकळेपणाने बोलणाऱ्या आजच्या खेळाडूंत मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज ही ख्रिस्ती क्रिकेटपटू आघाडीवर आहे. २०२२ च्या विश्वचषक संघातून तिला वगळण्यात आले होते. २०२५ च्या विश्वचषकात ती दोनदा शून्यावर बाद झाली आणि इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात तिला संघाबाहेर बसावे लागले. त्यानंतर ३० ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईत उपांत्य सामना झाला. ऑस्ट्रेलियाने ३३८ धावा केल्या होत्या. जेमिमाने नाबाद १२७ धावा करून भारताला विजयी केले. २ नोव्हेंबर रोजी भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला.

उपांत्य सामन्यानंतर डोळ्यांतील अश्रू आवरत तिने सर्वप्रथम प्रभू येशूचे आभार मानले. हे आपल्या एकटीच्या बळाने झाले नसते, असे ती म्हणाली. शेवटी थकवा आला असता आपण पवित्र शास्त्रातील वचन आठवीत होतो, असेही तिने सांगितले. तांबड्या समुद्राकाठी भयभीत झालेल्या लोकांना मोशेने दिलेले ते आश्वासन आहे (निर्गम १४:१४) : तुम्ही शांत राहा, तुमच्यासाठी परमेश्वर लढेल, असा त्याचा भाव.

तिने आणखी एक गोष्ट लपवली नाही. स्पर्धेच्या काळात आपण मनाच्या अस्वस्थतेतून जात होतो, वारंवार रडत होतो आणि त्या दिवसांत आईवडील व संघातील मैत्रिणींनी आपल्याला सावरले, असे तिने सांगितले. आम्हांला तिच्या शतकाइतकेच हे कथनही मोलाचे वाटते. चिंता वा खिन्नता म्हणजे श्रद्धेची उणीव नव्हे. आपल्या मुलाला तसा त्रास होत असेल, तर त्याच्यासाठी प्रार्थना करावी आणि गरज पडल्यास डॉक्टरांचे वा समुपदेशकाचे साहाय्यही अवश्य घ्यावे. आधार देणारी माणसे हीसुद्धा देवाचीच देणगी होय.

रविवार, मिस्सा आणि स्पर्धा

स्कॉटलंडचा प्रोटेस्टंट धावपटू एरिक लिडेल याची कथा सर्वश्रुत आहे. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटर शर्यतीची प्राथमिक फेरी रविवारी होती. प्रभूचा दिवस म्हणून त्याने त्या शर्यतीत भाग घेतला नाही. त्याच स्पर्धेत ४०० मीटर शर्यत त्याने ४७.६ सेकंदांत जिंकली. पुढे तो चीनमध्ये मिशनरी म्हणून गेला आणि १९४५ साली युद्धकाळातील छावणीत मरण पावला.

आपल्याकडेही अनेक स्पर्धा रविवारीच होतात. रविवारी खेळण्यास ख्रिस्तसभेची मनाई नाही, मात्र मिस्साचे कर्तव्य टळत नाही. धर्मनियमसंहितेतील कलम १२४८ प्रमाणे शनिवारी सायंकाळच्या मिस्सात सहभागी झाल्यानेही हे कर्तव्य पूर्ण होते. गंभीर कारणामुळे मिस्सा शक्यच नसेल, तर शब्दविधीत भाग घ्यावा किंवा घरी कुटुंबासह प्रार्थनेत काही वेळ घालवावा, असे तेच कलम सुचवते. योग्य कारण असल्यास धर्मग्रामाचे धर्मगुरू सूटही देऊ शकतात (कलम १२४५). येवल्यासारख्या ठिकाणाहून स्पर्धेसाठी बाहेरगावी जाणाऱ्या मुलांच्या पालकांनी आपल्या फादरांशी आधीच बोलून घ्यावे. स्पर्धेच्या गावातील चर्चमध्ये मिस्साची वेळ काय, याचीही चौकशी करावी.

खेळाडूने प्रार्थना कशी करावी?

आपल्या भागात नवसाची प्रथा खोलवर रुजलेली आहे. "मला जिंकू दे, मी मेणबत्ती लावीन" अशी प्रार्थना मुले सहज करतात. देवापुढे आपली इच्छा मांडण्यात गैर काहीच नाही. गेथशेमाने बागेत प्रभू येशूनेही आपली इच्छा पित्यापुढे मांडली आणि शेवटी पित्याच्या इच्छेला मान दिला. विजयाचा सौदा करणे मात्र वेगळे. समोरच्या संघातील मुलाची आईसुद्धा त्याच वेळी आपल्या मुलासाठी हात जोडून उभी असते, याचे भान ठेवावे.

स्पर्धेपूर्वी खेळाडूने आपले शरीर, सराव आणि श्रम देवाला अर्पण करावेत. प्रामाणिकपणे खेळण्याचे बळ मागावे आणि दोन्ही संघांतील कोणालाही दुखापत होऊ नये अशी विनंती करावी. क्रुसाची खूण ही श्रद्धेची कबुली आहे. तिला शकुनाचे रूप येऊ देऊ नये. जिंकल्यास आभार मानावेत आणि हरलेल्याचा हात हाती घ्यावा. हरल्यास आपले दुःख देवापुढे मोकळे करावे. स्तोत्रसंहितेत स्तुती आहे, तसा आक्रोशही आहे. उत्तेजक द्रव्ये, वय लपवून घेतलेला प्रवेश किंवा पंचांची फसवणूक यांसाठी कोणतीही प्रार्थना पांघरूण होऊ शकत नाही.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. हरून आलेल्या मुलाला "तुझी श्रद्धा कमी पडली" असे कोणीही म्हणू नये. त्याला जवळ घ्यावे आणि सांगावे, की देवाने तुझे ऐकले. तू धावलास तेव्हा तो तुझ्याबरोबर होता आणि तू हरलास तेव्हाही तो तुला सोडून गेला नाही. मग त्याला हजारे यांच्या ३०९ धावांची गोष्ट सांगावी आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला सरावासाठी उठवावे.

आपल्या धर्मप्रांतातील सर्व खेळाडू मुलामुलींना, त्यांच्या प्रशिक्षकांना व पालकांना प्रभू येशू सामर्थ्य देवो आणि पवित्र मारिया त्यांना आपल्या छायेत ठेवो, हीच आमची प्रार्थना.