मेजावरचीं चित्रें

संगणकाच्या पडद्यावर प्रथमच दृष्टि टाकणाऱ्या मनुष्यास तेथें मांडलेलीं लहान लहान चित्रें पाहून जो गोंधळ वाटतो, त्यांत त्याच्या बुद्धीचा दोष नसतो. हीं चित्रें कोणीं, कोणासाठीं आणि कोणत्या हेतूनें काढलीं, हें त्यास कोणीं सांगितलेलें नसतें, एवढेंच. वस्तूचा इतिहास कळला म्हणजे तिची भीति निम्मी ओसरते; आणि या चित्रांचा इतिहास तर अवघ्या पन्नास-साठ वर्षांचा आहे.

आरंभीं संगणकाशीं होणारा व्यवहार अक्षरांचा होता. आज्ञा पाठ करावयाची, ती कळफलकावर बिनचूक उमटवावयाची, आणि एक अक्षर चुकलें कीं यंत्रानें ती नाकारावयाची, असा तो कारभार. ९ डिसेंबर १९६८ रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथें डग्लस एंगेलबार्ट यांनीं माऊस या उपकरणाचें जाहीर प्रात्यक्षिक केलें, तेव्हां पडद्यावरील जागेकडे नुसता निर्देश करूनहि यंत्राकडून काम घेतां येतें, हें जाणत्यांस दिसून आलें. पुढें १९७० मध्यें झेरॉक्स कंपनीनें कॅलिफोर्नियांतील पालो आल्टो येथें संशोधनकेंद्र स्थापिलें आणि या कल्पनेस तेथें घर मिळालें.

डेव्हिड कॅनफील्ड स्मिथ यांनीं १९७५ च्या आपल्या प्रबंधांत अशा चित्रांस ‘आयकॉन’ हें नांव योजिलें. हा शब्द मूळ ग्रीक असून त्याचा अर्थ प्रतिमा. त्याच स्मिथ यांचा हातभार लागलेला झेरॉक्सचा ‘स्टार’ हा संगणक १९८१ मध्यें बाजारांत आला. त्याच्या पडद्यावर कचेरींतील मेजच मांडलेलें होतें : कागद, कागद ठेवण्याचें फोल्डर, आलेल्या व जावयाच्या टपालाच्या करंड्या, आणि छपाईचें यंत्र. कागदाचें चित्र छपाईयंत्राच्या चित्रावर नेलें कीं कागद छापला जाई. लिखापढी करणाऱ्या कचेरींतील मनुष्यास नवें कांहीं शिकावें लागूं नये, हा त्यामागील हेतु. परंतु एका यंत्राची किंमत सोळा हजार डॉलरांवर असल्यामुळें तें फारसें खपलें नाहीं.

जें झेरॉक्सला साधलें नाहीं तें ॲपल कंपनीनें साधलें. तिचा मॅकिन्टॉश २४ जानेवारी १९८४ रोजीं २,४९५ डॉलरांस विक्रीस आला. त्याचीं चित्रें सुझन केअर या चित्रकर्तीनें काढलीं. एका चित्रास ३२ घरें रुंद व ३२ घरें उंच एवढीच जागा, म्हणजे एकूण १,०२४ ठिपके. आणि प्रत्येक ठिपका काळा किंवा पांढरा, तिसरा रंग नाहीं. एवढ्या तुटपुंज्या सामग्रींत पाहतांक्षणीं ओळखूं येईल असें चित्र उतरविणें हें लहान काम नव्हे.

हें मेज मात्र अमेरिकन कचेरींतील होतें. आपल्याकडे तें प्रथम सुचतें, तर फोल्डरच्या जागीं कदाचित् रुमाल दिसता. कारण पुण्याच्या पेशवे दप्तरांतील कागद रुमालांतच बांधलेले आहेत. हाच दाखला पुढील गोष्ट समजण्यास उपयोगी पडतो. दप्तरांत अस्सल कागद रुमालांत असतो, आणि तो कोणत्या रुमालांत आहे हें सांगणारी यादी निराळी असते. यादीचें पान फाटलें तर कागद शोधण्यास कष्ट पडतात, पण कागद नष्ट होत नाहीं. उलट कागदच जळाला तर यादी जवळ असून व्यर्थ.

संगणकांतील शॉर्टकट म्हणजे असेंच यादींतील एक टिपण. ॲपलनें १९९१ मध्यें ‘एलिअस’ या नांवानें ही सोय दिली; २४ ऑगस्ट १९९५ रोजीं निघालेल्या विंडोज ९५ नें ती घरोघरीं नेली. त्या दिवसापासून एकाच मेजावर दोन जातींचीं चित्रें शेजारीं नांदूं लागलीं : कांहीं चित्रें म्हणजे प्रत्यक्ष फाईल, तर कांहीं केवळ तिचा पत्ता. नवशिक्याचे बहुतेक अपघात या दोहोंतील भेद न कळल्यामुळें होतात. कोणी जागा मोकळी करण्याच्या आशेनें शॉर्टकट पुसतो आणि जागा तेवढीच राहते. कोणी चित्रच आहे असें समजून घरचा महत्त्वाचा कागद पुसतो. कोणी पेन ड्राइव्हवर नुसता शॉर्टकट घेऊन जातो, आणि परगांवच्या यंत्रावर तो उघडूं पाहतां हातीं कांहींच लागत नाहीं. कारण त्यानें पत्ता नेला, पत्र घरींच राहिलें.

भेद ओळखण्याची खूण सोपी आहे. विंडोजमध्यें शॉर्टकटच्या चित्राच्या डाव्या बाजूस खालीं लहानसा बाण असतो. संशय आल्यास चित्रावर माऊसचें उजवें बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’ पाहावें. मूळ वस्तूचा ठिकाणा तेथें लिहिलेला आढळतो. नवा शॉर्टकट हवा असल्यास मूळ फाईल उजव्या बटणानें धरून मेजावर ओढावी. बटण सोडतांच निघणाऱ्या यादींत तो पर्याय मिळतो. मेजावरून चुकून पुसलेली फाईल सामान्यतः ‘रिसायकल बिन’मध्यें पडून राहते व तेथून परत आणतां येते. सर्वच चित्रें एकाएकीं अदृश्य झालीं, तरी घाबरूं नये. मोकळ्या जागीं उजवें बटण दाबून ‘व्ह्यू’ या सदरांत तीं दाखविण्याची खूण बहुधा निघालेली असते.

सुज्ञ गृहिणी धान्य कोठींत ठेवते आणि रोजच्या वापरापुरतें डब्यांत काढते. संगणकाचेंहि तसेंच. अस्सल कागद त्यांच्या नेमलेल्या फोल्डरांत असावेत, मेजावर निवडक शॉर्टकट असावेत, आणि कोणतेंहि चित्र पुसण्यापूर्वीं तें खूण आहे कीं वस्तु, एवढा एकच प्रश्न स्वतःस विचारावा. ज्यास हा विवेक साधला, त्यास त्या मेजावर भिण्यासारखें फारसें कांहीं उरत नाहीं.