एकाच गावात तीन जिल्हे

आज आपण आपल्याच गावाबद्दल बोलणार आहोत, चिंचपाड्याबद्दल.

१९५० साली चिंचपाड्यात जन्मलेली एक बाई डोळ्यांसमोर आणा. ती जन्मली तेव्हा गाव पश्चिम खानदेश जिल्ह्यात होते आणि राज्य होते मुंबई. ती दहा वर्षांची झाली तेव्हा, १ मे १९६० ला, महाराष्ट्र झाला आणि आपल्या जिल्ह्याचे नाव धुळे पडले. ती अठ्ठेचाळीस वर्षांची असताना, १ जुलै १९९८ ला, नंदुरबार जिल्हा वेगळा निघाला. बाई गाव सोडून कुठेच गेली नाही, तिच्या कागदांवर मात्र तीन जिल्हे आले.

१९६० साली आणखी एक गोष्ट झाली. नवापूर, नंदुरबार, तळोदा आणि अक्कलकुवा या तालुक्यांतली काही गावे गुजरातला जोडली गेली. म्हणून आज कुणाचे माहेर गुजरातमध्ये आणि सासर महाराष्ट्रात. नवापूर स्टेशनच्या फलाटावर तर हद्द मधूनच जाते. तिथे एक बाक अर्धा महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये आहे. लोक त्यावर बसून हसत फोटो काढतात. जातीच्या दाखल्यासाठी मात्र हसू येत नाही. अनुसूचित जमातीच्या दाखल्याला ६ सप्टेंबर १९५० च्या आधीपासून वडिलांकडचे घराणे या राज्यात राहत होते, असा पुरावा मागतात. ज्या बाईचे माहेर हद्दीपलीकडे, तिला तो कागद पलीकडेच शोधावा लागतो.

आता जमिनीकडे पाहू. आपला नवापूर तालुका सह्याद्रीच्या उत्तरेकडच्या टोकाचा, डोंगर आणि जंगलाचा. नंदुरबार शहराकडे पाऊस कमी, आपल्याकडे जास्त. रंगावली, सरपणी, नेसू या नद्यांचे पाणी शेवटी तापीला मिळते. खाली गुजरातमध्ये १९७२ साली उकाई धरण पुरे झाले आणि त्याचे फुगलेले पाणी आपल्या तालुक्यापर्यंत आले.

नाव चिंचपाडा. चिंच झाली आणि पाडा झाला. पाडा म्हणजे चार-दहा घरांची वस्ती. मग एवढ्याशा पाड्यात गाडी का थांबायला लागली? तापी व्हॅली रेल्वे नावाच्या कंपनीने सुरतेपासून अमळनेरपर्यंत रूळ टाकले, ते १९०० च्या सुमारास पुरे झाले. नवापूर आणि खांडबारा यांच्या मध्ये चिंचपाडा स्टेशन आले. रूळ आले त्याच वेळी खानदेशात मोठा दुष्काळ पडला होता, १८९९-१९०० चा. संवत १९५६ म्हणून त्याला छपन्याचा दुष्काळ म्हणतात. म्हणजे आपल्या पणज्यांनी पहिली गाडी पाहिली ती पोट रिकामे असताना. त्या रुळांसाठी माती कोणी वाहिली, खडी कोणी फोडली, त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. कंपनीचे नाव तेवढे राहिले. पुढे सुरत-धुळे महामार्गही याच बाजूने गेला, आणि २०१८ साली रुळांची दुसरी जोडी झाली.

१९४२ म्हटले की नंदुरबारचा शिरीषकुमार आठवतो. ९ सप्टेंबरला गोळीबारात तो आणि त्याचे चार साथी गेले. हे आपली मुले शाळेत शिकतात आणि शिकलेच पाहिजे. पण त्याच १९४२ साली चिंचपाड्यात मिशनचे ख्रिस्ती रुग्णालय सुरू झाले, हे किती जणींना ठाऊक आहे? आम्हाला वाटते, स्टेशन होते म्हणूनच ते इथे आले. आजारी माणसाला गाडीने आणता येत होते. बाळंतपणाला अडलेली बाई वाचली की नाही, हाही इतिहासच आहे.

लोकसंख्येचे बोलायचे तर २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्यात १६,४८,२९५ माणसे होती आणि शंभरातली ६९ च्या आसपास आदिवासी. हजार पुरुषांमागे ९७८ बाया होत्या. साऱ्या महाराष्ट्रात हा आकडा ९२९ होता. एक गोष्ट मात्र आम्हाला खटकते. मावची, गावित, कोकणा या आपल्या बोली जनगणनेच्या तक्त्यात 'भिली' या एकाच मथळ्याखाली टाकल्या आहेत. तरी बोलीचे नाव आपण सांगितले तर त्या मथळ्याखाली ते वेगळे मोजले जाते. 'मराठीच लिहा' म्हटले की तेही जाते. जनगणनेचा नियम सांगतो, लहानपणी आई ज्या भाषेत बोलली ती मातृभाषा. म्हणून मोजणीवाला दारात आला की आपल्या आईची बोली कोणती, ते नावानिशी सांगा.

ही सारी जुनी उठाठेव कशाला, असे काही जणी म्हणतील. वनहक्क कायद्यात १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत होतो, हे दाखवावे लागते. ग्रामसभेला एकाहून जास्त पुरावे लागतात. त्यात गावातल्या वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले सांगणेही पुरावा धरले जाते. अट एवढीच, की तो वडीलधारा स्वतः दावा करणारा नसावा. आणि पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने निघतो, तो विकता येत नाही, पण मुलाबाळांकडे जातो. एकटी बाई घर चालवत असेल तर तो तिच्या एकटीच्या नावाने निघतो.

आमच्या गटात वडीलधाऱ्या बाया वर्षाचा आकडा सांगत नाहीत. 'धरणाचे पाणी चढले त्या साली', 'जिल्हा वेगळा झाला तेव्हा माझा धाकटा रांगत होता', असे सांगतात. म्हणून आम्ही आज तारखा सांगत बसलो. १९७२, १९९८ हे आकडे हाताशी असले की त्यांच्या आठवणीपुढे साल लिहिता येते.

आम्ही एक वही घातली आहे. पहिल्या पानावर गावाच्या नावाची चिंच कुठे होती ते लिहायचे ठरले. तिघी आज्यांना विचारले, तर एकीने स्टेशनकडे बोट दाखवले, दुसरीने नदीकडे आणि तिसरी म्हणाली, चिंच एक नव्हतीच, रांगच होती. तिन्ही लिहून ठेवले आहे.