तळटीप : देव न मानणारे मामा आणि पिंपळावरचा मुंजा
१७. मामा देव मानत नसत, पण मुंज होऊन सोडमुंजीआधी गेलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर बसतो याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती, याचं लेखकाला हसू येतं. संपादकाला तितकंसं येत नाही. ईश्वर नाकारणं म्हणजे जगाला कोणी कर्ता-नियंता नाही असं म्हणणं. मेल्यावर माणसाचं काही उरतं का, हा निराळा प्रश्न. जैन दर्शन सृष्टिकर्ता मानत नाही, तरी त्यातल्या व्यंतर देवांच्या आठ प्रकारांत राक्षस, भूत आणि पिशाच आहेतच. केंब्रिजचे तत्त्वज्ञ मॅकटॅगर्ट (१८६६–१९२५) ईश्वर नाकारत आणि आत्मा मात्र अमर मानत. दोन्ही एका दमात झटकायचं तर चार्वाकांकडे जावं लागतं: देह गेला की चैतन्य गेलं, मग पिंपळावर बसणार कोण? तेव्हा मामांचं वाकडं येतं ते जडवादाशी, नास्तिकतेशी नव्हे. (कोकण-गोव्यात भुतांचा राजा वेताळ स्वतःच ग्रामदेव आहे, गोव्यात आमोण्याला त्याचं देऊळ आहे. तिथे मात्र मामांची पंचाईत झाली असती.) महाराष्ट्राचा २०१३चा जादूटोणाविरोधी कायदाही या वादात पडत नाही. नुसतं भूत मानणं त्यात गुन्हा नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली कुणाला दोरीने बांधणं, काठीने मारणं, मिरचीची धुरी देणं हा गुन्हा आहे. मामांनी यातलं काहीच केलेलं नाही, ते फक्त लांबच्या वाटेने घरी येत. — संपा.